विज्ञानकल्पित संगीतिका

विज्ञानकल्पित संगीतिका : विज्ञान व तंत्रविद्या ह्यांच्या संभाव्य परिणामांची कल्पना करून रचलेल्या कथानकावर आधारलेली संगीतिका. ऑपेरा ह्या पाश्चात्त्य नाट्यप्रकारास मराठीत ‘संगीतिका’ ही संज्ञा रूढ आहे. संगीतिकेत सर्व किंवा बहुतेक संहिता गायिली जाते आणि वाद्यवृंद हा नाट्याचा अविभाज्य घटक असतो. मराठी संगीत नाटकात कथानक मुख्यत्वे गद्य संवादांतून पुढे सरकते व पदे भावस्थितीचा विस्तार करतात. त्यामुळे संगीत नाटक हे संगीतिकेचे आप्त असले, तरी संगीतिका नव्हे. प्रस्तुत नोंदीत पाश्चात्त्य विज्ञानकल्पित संगीतिकेचा परामर्श घेऊन, मुंबईच्या संगीत रंगभूमीवर हा प्रकार का रुजला नाही आणि त्याचे बीज तेथे कोणत्या रूपात आढळते, ह्याचा विचार केला आहे.

विज्ञानकथेला स्पष्टीकरण लागते, तर गाण्याला ते मानवत नाही. एखादे यंत्र कसे चालते हे सांगणारे पात्र गाऊ लागले, की श्रोत्याला शब्द नीट कळत नाहीत आणि कळले तरी स्वर व्यर्थ वाटतात. म्हणून ह्या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन करताना एक कसोटी उपयोगी पडते : कथानकातील वैज्ञानिक कल्पना काढून घेतली, तर त्यातील गाणे जसेच्या तसे उरते काय? उरत असेल, तर विज्ञान हे केवळ नेपथ्य होय. उरत नसेल, तर कल्पना आणि स्वर एकजीव झाले आहेत, असे समजावे. ह्या कसोटीला उतरणाऱ्या कृती थोड्या आहेत. पण ज्या आहेत त्या विसाव्या शतकातील महत्त्वाच्या संगीतिकांमध्ये गणल्या जातात.

प्रारंभ : ह्या प्रकाराचा आरंभ चंद्रापासून झाला. इटालियन नाटककार कार्लो गोल्दोनी ह्याची ‘इल् मोंदो देल्ला लुना’ (म. शी. चंद्रलोक) ही संहिता प्रथम गालुप्पी ह्याने १७५० मध्ये संगीतबद्ध केली. तीवरून योझेफ हायडन (१७३२–१८०९) ह्याने रचलेली संगीतिका हंगेरीतील एस्टरहाझा येथे १७७७ मध्ये सादर झाली. बुओनाफेदे हा भोळसट गृहस्थ एका तोतया ज्योतिषाच्या दुर्बिणीतून चंद्रावरील माणसे ‘पाहतो’. पुढे गुंगीचे औषध पिऊन एका बागेत जागा होतो आणि आपण चंद्रावर आलो, असे समजून मुलींची लग्ने लावून देतो. येथे विज्ञान म्हणजे फसवणुकीचे साधन असून हसू भाबडेपणाचे आहे. चंद्रलोकाच्या भ्रमासाठी हायडनने योजलेले तरल, हलके संगीत मात्र फसवणुकीपलीकडे जाते. प्रेक्षकाला बाग ही बागच आहे हे ठाऊक असते आणि तरीही क्षणभर तो चंद्रावर असतो.

ह्यानंतर जवळजवळ एका शतकाने झाक ऑफेनबाख (१८१९–८०) ह्याने ‘ल व्होयाझ दां ला ल्यून’ (१८७५, म. शी. चंद्रप्रवास) ही विनोदी संगीतिका पॅरिसमध्ये आणली. तोफेतून चंद्रावर जाण्याची तीतील कल्पना झ्यूल व्हेर्नच्या कादंबरीची आठवण करून देणारी आहे. ह्या चंद्रावर प्रेम ही गोष्टच माहीत नसते आणि तेथील लोक तिला रोग समजतात. कृती नेत्रसुखद व झगमगती होती. परंतु वरील कसोटीस ती उतरत नाही, कारण तिच्यातील गाणी पृथ्वीवरील कोणत्याही राजवाड्यात गाता आली असती.

यंत्र आणि आवाज : ऑफेनबाखच्या ‘ले कोंत दॉफमान’ (म. शी. हॉफमानच्या कथा) ह्या अखेरच्या कृतीत मात्र ही कल्पना खोलवर गेली. ही संगीतिका त्याच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १८८१ मध्ये, पॅरिस येथे रंगमंचावर आली. तिच्या एका अंकात हॉफमान हा कवी ऑलिंपिया नावाच्या युवतीच्या प्रेमात पडतो. ही युवती म्हणजे किल्लीवर चालणारी बाहुली असते. हॉफमानने घातलेल्या जादूच्या चष्म्यामुळे ती त्याला जिवंत वाटते. तिचे गाणे अतिशय अवघड तानांनी भरलेले आहे. मध्येच किल्ली संपते, सूर घसरत जातो, नोकर पुन्हा किल्ली देतो आणि तान पूर्वीच्याच वेगाने धावू लागते.

ह्या प्रवेशाची थोरवी अशी, की येथे विज्ञानकल्पना शब्दांनी सांगावी लागत नाही. गायिकेचे कौशल्य जितके निर्दोष, तितकी ती यंत्रवत भासते. ज्या तानेसाठी रसिक टाळ्या वाजवितात, ती तानच ‘हे जिवंत नाही’ असा पुरावा ठरते. त्यामुळे गायनातील तयारी म्हणजे कला काय, हा प्रश्न हॉफमानबरोबर प्रेक्षकालाही पडतो. पॅरिसमध्ये ऑलिंपिया गाऊ लागली त्याच्या अवघे तीन-साडेतीन महिने आधी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग होऊन मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले होते. तान आणि भाव ह्यांचा जो वाद पुढे मराठी रंगभूमीवर पन्नास वर्षे चालला, त्याचे एक वेगळे रूप ऑफेनबाखने यंत्राच्या रूपकातून आधीच मांडले होते. ‘वन्समोअर’च्या गजरात एकच पद पुन्हा पुन्हा रंगविणाऱ्या नटाला किल्ली कोण देतो, हा प्रश्न आपल्याकडील टीकाकारांनीही निराळ्या शब्दांत विचारलेला आहे.

यंत्रांना सामुदायिक आवाज देण्याचा प्रयत्न ऑस्ट्रियन संगीतकार माक्स ब्रांट (१८९६–१९८०) ह्याने केला. त्याच्या ‘माशिनिस्ट हॉपकिन्स’ (१९२९) ह्या संगीतिकेत रात्रीच्या वेळी कारखान्यातील यंत्रे वृंदगान करतात. जर्मनीतील डूइसबुर्ख येथील पहिल्या प्रयोगानंतर ती अल्पावधीत अनेक रंगमंदिरांत झाली. नाझी राजवटीने मात्र तिच्यावर बंदी घातली. कथानक मत्सर, खून आणि सूड अशा जुन्या साच्याचे असल्यामुळे यंत्रांचा वृंद त्यापासून काहीसा तुटक राहतो. तरीही कारखाना हे गाण्याचे स्थळ होऊ शकते, हे ह्या कृतीने दाखविले.

यानाचेक : ह्या प्रकारातील सर्वोच्च कामगिरी चेक संगीतकार लेऑश यानाचेक (१८५४–१९२८) ह्याची होय. त्याच्या ‘ब्रौचेकच्या सफरी’ (१९२०) ह्या संगीतिकेच्या पूर्वार्धात प्रागमधील एक सुखासीन घरमालक मद्याच्या धुंदीत चंद्रावर पोहोचतो. तेथील कलासक्त रहिवासी फुलांच्या वासावर जगतात, तर ब्रौचेक खिशातील मांसाहारी खाऊ काढून खातो. येथे उपहास दुहेरी आहे : मातीतल्या माणसाचा आणि माती विसरलेल्या कलावंतांचा.

‘व्येत्स माक्रोपुलोस’ (१९२६, म. शी. माक्रोपुलोस प्रकरण) ही त्याची संगीतिका ब्रनो येथे सादर झाली. तिचा आधार कारेल चापेक (१८९०–१९३८) ह्याचे १९२२ मधील नाटक हा होय. ‘रोबो’ हा शब्द जगाला देणारा नाटककार हाच. जवळजवळ शंभर वर्षे चाललेल्या वारसाहक्काच्या एका दाव्यात एमिलिया मार्टी ही विख्यात गायिका अनपेक्षित रस घेते. मोहरबंद लखोट्यातील एक ग्रीक कागद तिला हवा असतो. सम्राट दुसरा रूडॉल्फ ह्याच्या वैद्याने तीनशे वर्षे आयुष्य देणारे रसायन सिद्ध केले होते व ते प्रथम आपल्या मुलीला पाजले होते. ती मुलगी, एलिना माक्रोपुलोस, आता ३३७ वर्षांची असून नावे बदलत आजवर जगत आली आहे. रसायनाचा प्रभाव ओसरू लागल्याने तिला त्याचे सूत्र पुन्हा हवे आहे. ते हाती आल्यावर मात्र जगण्याचा अर्थच संपल्याचे तिच्या ध्यानी येते. ती सूत्र इतरांना देऊ करते. ते कोणी घेत नाही आणि क्रिस्टिना ही तरुण गायिका तो कागद जाळून टाकते.

चापेकचे नाटक विनोदी व चर्चाप्रधान आहे. यानाचेकने चर्चा छाटली आणि थकवा ठेवला. बोलीभाषेतील चढउतार टिपून त्यांवरून सुरावटी घडविण्याची त्याची पद्धती होती. तिच्यामुळे पहिल्या दोन अंकांत वकील, कारकून व आशक घाईघाईने, तुटक बोलल्यासारखे गातात. मार्टीचे उद्गार त्या घाईत थंड आणि परके वाटतात. अखेरीस तिचा स्वर प्रथमच लांब पल्ल्याने उलगडतो. जी बाई तीनशे वर्षे गात आली, तिचे गाणे मरण स्वीकारल्यावरच सुरू होते. येथे कल्पित काढून घेतले, तर गाणे उरतच नाही. शिवाय नायिका गायिका असणे हा योगायोग नव्हे. परिपूर्ण तंत्र कमावण्यास तीनशे वर्षे मिळाली, तर कला उंचावेल की विझेल, हा ऑलिंपियाचाच प्रश्न यानाचेकने माणसाच्या बाजूने विचारला आहे.

अवकाशयुग : १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह सोडला गेला आणि दोनच वर्षांनी स्टॉकहोम येथे कार्ल-बिर्येर ब्लूमडाल (१९१६–६८) ह्याची ‘आनियारा’ (१९५९) ही संगीतिका रंगमंचावर आली. तिचा आधार हॅरी मार्टिनसन ह्याचे १९५६ मधील दीर्घकाव्य हा होता. किरणोत्सर्गाने दूषित झालेली पृथ्वी सोडून आठ हजार निर्वासितांना मंगळाकडे नेणारे यान मार्गभ्रष्ट होते व अनंत पोकळीत जात राहते. यानावर ‘मीमा’ नावाचे यंत्र असून ते दूरदूरची दृश्ये टिपून प्रवाशांचे मन रमविते. पृथ्वीचा विनाश पाहून मीमा दुःखाने बंद पडते. मीमाचा ‘आवाज’ ध्वनिफितीवरील इलेक्ट्रॉनिक नादांचा आहे. प्रवासी गातात ते वाद्यवृंदाच्या साथीने. स्मृती मात्र फितीवरून ऐकू येते. ह्या विभागणीमुळे यंत्र हेच सर्वांत हळवे पात्र ठरते आणि ते गेल्यावर उरलेले मानवी संगीत पोकळ वाटू लागते. काही नृत्यप्रसंग आज जुनाट भासतात. पण मीमाचा मृत्यू हा प्रवेश आजही परिणामकारक आहे.

जान कार्लो मेनोत्ती (१९११–२००७) ह्याची ‘हेल्प, हेल्प, द ग्लोबोलिंक्स!’ (हँबर्ग, १९६८) ही बालसंगीतिका ह्याच्या नेमकी उलट बाजू मांडते. परग्रहावरून आलेले ग्लोबोलिंक्स इलेक्ट्रॉनिक नादांनी बोलतात व पारंपरिक वाद्यांच्या सुरांना घाबरून पळतात. मुलांनी वाद्ये शिकावीत, हा बोध उघड असला तरी रचना खेळकर आहे.

फिलिप ग्लास (ज. १९३७) ह्याचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. १९६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पंडित रविशंकर ह्यांच्याबरोबर काम करताना भारतीय लयीच्या आवर्तनांशी त्याचा परिचय झाला आणि लहान लयखंड जोडत जाण्याची त्याची शैली त्यातून घडली. ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ (१९७६) ह्या संगीतिकेत रूढ कथानक नाही. अंक आणि स्वरनामे ह्यांचेच गायन बऱ्याच भागात आहे. डॉरिस लेसिंग हिच्या कादंबरीवरील व तिच्याच संहितेवरील ‘द मेकिंग ऑफ द रिप्रेझेंटेटिव्ह फॉर प्लॅनेट एट’ (१९८८) हीत बर्फाखाली जाणाऱ्या ग्रहाची कथा आहे. मंद, आवर्ती संगीत कालाच्या प्रचंड पल्ल्याची जाणीव देते, हे खरे. परंतु व्यक्तींच्या सुखदुःखांना त्यात धार येत नाही.

अलीकडील कृतींत पोल रूडर्स ह्याची मार्गारेट ॲटवुडच्या कादंबरीवरील ‘द हँडमेड्स टेल’ (कोपनहेगन, २०००), लोरिन माझेल ह्याची ‘१९८४’ (लंडन, २००५), हॉवर्ड शोर ह्याची ‘द फ्लाय’ (पॅरिस, २००८) आणि टॉड माखोवर ह्याची ‘डेथ अँड द पॉवर्स’ (माँटे कार्लो, २०१०) ह्या उल्लेखनीय आहेत. शेवटच्या संगीतिकेत मरणोन्मुख धनाढ्य गृहस्थ आपली जाणीव घरातील यंत्रणेत उतरवितो आणि यंत्रमानवांचा वृंद त्याची कथा सांगतो. जॉन ॲडम्सची ‘डॉक्टर ॲटॉमिक’ (सॅन फ्रॅन्सिस्को, २००५) ही अणुबाँबच्या पहिल्या चाचणीवर आधारलेली असल्याने विज्ञानकल्पित नव्हे, तर विज्ञानेतिहासाची संगीतिका होय. तीत भगवद्‌गीतेतील विश्वरूपदर्शनाचा आशय वृंदगानात योजिला आहे. अभूतपूर्व शक्तीचे वर्णन करण्यासाठी आधुनिक संगीतकाराला पुरातन काव्याकडे वळावे लागते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुंबईची संगीत रंगभूमी : मुंबईत ह्या प्रकाराला लागणारी सामग्री कमी नव्हती. ग्रँट रोडवरील नाट्यगृहात विष्णुदास भावे ह्यांच्या मंडळीने १८५३ मध्ये प्रयोग केले. पारशी रंगभूमीने उडत्या पऱ्या, दुभंगणारे पडदे व यांत्रिक चमत्कार ह्यांची चटक प्रेक्षकांस लावली. गिरगावच्या सीमेवर रॉयल ऑपेरा हाउस उभे राहिले. त्याचे उद्घाटन पंचम जॉर्ज ह्यांच्या हस्ते १९११ मध्ये झाले आणि बांधकाम १९१२ मध्ये पूर्ण झाले. पुढे ते चित्रपटगृह बनले, १९९० नंतरच्या दशकात बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले. मुंबई मराठी साहित्य संघाने (स्थापना १९३५) गिरगावातील केळेवाडीत नाट्यचळवळीचे केंद्र उभारले. दादरचे शिवाजी मंदिर, परळचे दामोदर नाट्यगृह ही मध्य मुंबईतील प्रेक्षकांची हक्काची ठिकाणे झाली. होमी भाभा ह्यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली, तर त्यांचे बंधू जमशेद भाभा ह्यांच्या नावे नरीमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात १९९९ मध्ये संगीतिकेस योग्य असे रंगमंदिर सुरू झाले. एकाच कुटुंबाने शहराला अणुविज्ञान आणि संगीतिकेचे घर दिले. पण ह्या दोहोंची गाठ मराठी रंगमंचावर पडली नाही.

ह्याचे एक कारण १९१३ ह्या वर्षात शोधता येते. त्या वर्षी दादासाहेब फाळके ह्यांनी दादर येथे चित्रित केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे रोजी प्रदर्शित झाला. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) ह्यांसारख्या पुढील चित्रपटांतून फाळके ह्यांनी कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी पुराणातील चमत्कार पडद्यावर साकारले. अशा रीतीने अद्‌भुताचे दृश्य रूप यंत्राच्या स्वाधीन झाले. रंगभूमीजवळ उरला तो आवाज. यानाचेक व ब्लूमडाल ह्यांनी दाखविल्याप्रमाणे विज्ञानकल्पित संगीतिकेला नेमका तोच पुरेसा असतो. मात्र ही संधी आपल्याकडे ओळखली गेली नाही.

त्याच १९१३ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) ह्यांचे ‘विद्याहरण’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीची कथा हा त्याचा आधार. मृतांना उठविणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे, म्हणजे असुरपक्षाकडे आहे. ती मिळविण्यासाठी देवपक्ष बृहस्पतिपुत्र कचाला शिष्य म्हणून पाठवितो. असुर त्याला ठार करतात व शेवटी त्याची राख मद्यात मिसळून खुद्द शुक्राचार्यांना पाजतात. पोटातल्या शिष्याला विद्या शिकविल्याखेरीज त्याला बाहेर काढता येत नाही आणि तो बाहेर आला, की गुरू मरतो. कच बाहेर येऊन गुरूलाच जिवंत करतो. देवयानीच्या प्रेमाचा त्याने अव्हेर केल्यावर ती शाप देते, की ही विद्या तुला फळणार नाही. त्यावर कच म्हणतो, की मी जिला किंवा ज्याला ती शिकवीन, त्याला तरी फळेल.

विज्ञानकथेला हवे ते सारे ह्या कथेत आहे : युद्धाचे पारडे फिरविणारे गुप्त ज्ञान, त्यासाठी पाठविलेला हेर-शिष्य, ज्ञान देताना ज्ञात्याच्याच जिवावर बेतणे आणि प्रयोगकर्त्याला न फळणारे पण हस्तांतरित होणारे फळ. ‘माक्रोपुलोस’च्या तेरा वर्षे आधीचे हे नाटक मृत्यूवरील विजयाचाच विषय हाताळते. फरक दोन ठिकाणी पडतो. चापेकचे सूत्र कागदावर आहे. ते वाचता, विकता, जाळता येते. संजीवनी विद्या मंत्ररूप असून गुरुमुखातूनच मिळते. दुसरे असे, की खाडिलकरांनी मूळ कथेतील मद्यपानाच्या अनर्थावर भर दिला. तो त्यांच्या काळाचा जिवंत प्रश्न होता. मृत्यू हटला तर जगण्याचे काय होईल, हा प्रश्न नाटकात डोकावतो आणि मागे पडतो. पुराणकथा एक मोठी सोय करते, ती अशी, की विद्या खरी आहे की नाही, हे पटवून देण्याचे श्रम नाटककाराला पडत नाहीत. पण त्याच सोयीपायी त्या विद्येची चिकित्सा करण्याची गरजही उरत नाही. मराठी संगीत नाटकातील अद्‌भुत पुराणात सुरक्षित राहिले, ते ह्यामुळे.

नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) ह्या नाटकाने मुंबईत पदांची संख्या घटविली आणि वास्तववादी घरगुती विषय पुढे आणला. ह्या सुधारणेचे श्रेय निर्विवाद आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला, की नवा विषय म्हणजे गद्य आणि गाणे म्हणजे जुना विषय, अशी वाटणी रूढ झाली. १९६० नंतर विद्याधर गोखले, वसंत कानेटकर, पुरुषोत्तम दारव्हेकर ह्यांच्या नाटकांनी संगीत रंगभूमीला नवी उभारी दिली. मुंबईतील गोवा हिंदू असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि वि. वा. शिरवाडकर ह्यांचे ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) ही नाटके आणली. दोहोंचे संगीत जितेंद्र अभिषेकी ह्यांचे होते. तुर्भे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली होती, १९६३ मध्ये थुंबा येथून पहिला अग्निबाण सुटला होता. परंतु संगीत नाटकाचे विषय पुराण व इतिहास हेच राहिले. तारुण्य आणि वार्धक्य ह्यांची अदलाबदल करणारी ययातीची मूळ कथा एलिना माक्रोपुलोसची सख्खी बहीण आहे, ह्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे नाटक ह्या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. विशिष्ट घराण्याची गायकी हे एक गुप्त ज्ञान. ते शिष्याने चोरून ऐकून मिळवायचे आणि गुरूने ते देण्यास नकार द्यायचा, हा त्याचा गाभा. वास्तविक ते दुसरे ‘विद्याहरण’ होय. येथे विद्या सांगितली जात नाही, गायिली जाते, आणि ती शिष्याने घेतली की नाही हे प्रेक्षकाला कानांनीच कळते. वर सांगितलेली कसोटी ह्या नाटकाला लावली, तर ते तीवर पूर्णपणे उतरते. ज्ञान कोणाच्या मालकीचे, ह्या प्रश्नाला मराठी संगीत रंगभूमीइतका सूर दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल. हाच प्रश्न आधुनिक विज्ञानाचाही आहे.

गिरणगाव व इतर प्रवाह : ब्रांटने यंत्रांना वृंदगान दिले, तर परळ-लालबाग भागात यंत्रावर काम करणाऱ्यांनीच गाणे उभे केले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्या लाल बावटा कलापथकाने (१९४४) लोकनाट्य, लावणी व पोवाडा ह्यांतून गिरणी, मालक आणि मुंबई हे विषय मांडले. ही रचना विज्ञानकल्पित नव्हे. भविष्याचे चित्र तीत असले, तरी ते राजकीय होते. परंतु यंत्र आणि मानवी कंठ ह्यांचा सामना तीत प्रत्यक्ष अनुभवातून आलेला असल्याने, ‘माशिनिस्ट हॉपकिन्स’मध्ये जी कृत्रिमता जाणवते ती येथे नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या. यंत्र निघून गेल्यावर माणसाचे काय होते, ह्या प्रश्नाला जयंत पवार ह्यांच्या ‘अधांतर’ (१९९७) ह्या नाटकाने गद्यात वाचा फोडली. गाण्यात तो आला नाही.

बालरंगभूमी आणि नभोवाणी ही दोन क्षेत्रे अधिक अनुकूल होती. सुधा करमरकर ह्यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू करून बालनाट्याला नेपथ्य, नृत्य व संगीत ह्यांची जोड दिली; दादरच्या छबिलदास शाळेत रुजलेल्या ‘आविष्कार’च्या बालविभागाने ‘दुर्गा झाली गौरी’ (१९८२) हे नृत्यनाट्य गाजविले. येथेही राजपुत्र, राक्षस आणि पऱ्या ह्यांचे राज्य राहिले. ग्लोबोलिंक्स मात्र आले नाहीत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राने मंगेश पाडगावकर ह्यांचे काव्य व पु. ल. देशपांडे ह्यांचे संगीत असलेली ‘बिल्हण’ ही संगीतिका सादर केली. नेपथ्याचा खर्च नसलेले, केवळ नादावर चालणारे हे माध्यम ‘मीमा’सारख्या कल्पनेला आदर्श होते, परंतु ते भावकाव्याकडे वळले.

मराठी विज्ञानकथा ह्याच शहरात संस्थात्मक पाठबळाने वाढली. मुंबईतील मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) १९७४ मधील स्पर्धेतून जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पुढे आली. त्यांच्या ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरीच्या नावातच पुराणकथेचा प्रतिध्वनी आहे. तथापि तेथे पुराण श्रद्धेसाठी नव्हे, तर इशाऱ्यासाठी वापरले आहे. कथालेखनाने साधलेले हे रूपांतर संगीत रंगभूमीला साधले नाही.

मूल्यमापन : मराठी संगीत रंगभूमीवर विज्ञानकल्पित प्रकार रुजला नाही, ह्याचे कारण प्रेक्षकांचे अज्ञान किंवा साधनांची उणीव हे नव्हे. पुराणाने अद्‌भुताची गरज भागविली, चित्रपटाने त्याचे दृश्य नेले आणि गद्य नाटकाने नवे प्रश्न नेले; गाण्याकडे रसपरिपोषाचे काम उरले. ह्या वाटणीत संगीत नाटकाची गायकी टिकली, पण आपल्या काळाविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार क्षीण होत गेला. युरोपीय संगीतिकेची स्थितीही फार वेगळी नाही. तेथेही जुन्या कृतींची आवर्तने अधिक आणि नव्यांचे पुनःप्रयोग कमी होतात. भेद एवढाच, की तेथे ‘माक्रोपुलोस’सारख्या कृतीने जुन्या गायनपरंपरेतून नवा प्रश्न विचारता येतो, हे एकदा सिद्ध केले आहे.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. दिवंगत गायकांचे आवाज संगणकाच्या साहाय्याने पुन्हा घडविता येतात. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लाल सलाम’ ह्या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी संगीतकार ए. आर. रहमान ह्यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने असे वापरले. ऑलिंपियाची किल्ली अशा रीतीने प्रत्यक्षात आली आहे. ज्या रंगभूमीचे सर्वस्व विशिष्ट गायकाच्या कंठात आणि गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या तालमीत आहे, तिच्याइतका ह्या घटनेशी दुसऱ्या कोणाचाही जवळचा संबंध नाही. गुरू न देता, शिष्य न शिकता विद्या मिळाली, तर ती कोणाला फळेल, ही ‘विद्याहरण’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ ह्यांनी अर्धवट सोडलेली पृच्छा होय. तिचे उत्तर देण्यासाठी मराठी नाटककाराला चंद्रावर जावे लागणार नाही. संजीवनी विद्येची कथा पुन्हा, पण ह्या वेळी चिकित्सकाच्या नजरेने, वाचावी लागेल.